कॅरव्हॅन घेऊन टॉप एंडमध्ये: एका मोसमाच्या वापरानंतर

निष्कर्ष आधी सांगते. कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, आम्हाला आवडली, आणि उद्या पुन्हा घ्यायची वेळ आली तर जवळपास अशीच घेऊ. मात्र शोरूममध्ये माणूस ज्या गोष्टींवर भाळतो, म्हणजे चामड्याची बैठक, मोठा टीव्ही, रंगीत दिवे, त्यांचा टॉप एंडच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तरेकडच्या, उष्ण मुलखात काडीचाही उपयोग नाही. तिथे गाडीची परीक्षा होते ती फ्रीज, वारा आणि वजन यांवर. ब्रिस्बेनमधल्या ओळखीच्या बऱ्याच मराठी जोडप्यांच्या मनात निवृत्तीनंतर असा प्रवास करायचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची कॅरव्हॅन साडेएकोणीस फुटी, दोन अ‍ॅक्सलची. पुढे पलंग, मधे ओटा, मागे न्हाणीघर. रिकामी २,१५० किलो, भरून जास्तीत जास्त २,६०० किलो. छतावर ६०० वॅटचे सोलर पॅनेल, खाली ३०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. ओढायला डिझेलची इसुझू डी-मॅक्स ही पिकअप गाडी. एप्रिलअखेर निघालो, लाँगरीच, माउंट आयझा करत कॅमूवीलला क्वीन्सलँड सोडलं, बार्कली हायवेने थ्री वेजचा तिठा आणि तिथून स्टुअर्ट हायवेने थेट वर. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा मोसम. नंतर ढग दाटतात, उकाडा असह्य होतो आणि पावसाळ्यात कितीतरी रस्ते पाण्याखाली जातात, त्यामुळे हे वेळापत्रक पाळावंच लागतं.

वजनाचं गणित कागदावर सोपं वाटतं. ४५० किलो सामान चालतं म्हणजे भरपूर झालं, असंच कुणालाही वाटेल. पण पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की तिथेच १९० किलो गेले. गॅसचे दोन सिलिंडर, खुर्च्या, टेबल, हत्यारं, ह्यांच्या गळाच्या काठ्या आणि माझे तांदूळ-कडधान्याचे डबे, एवढ्यात काटा टोकाला येतो. सगळं भरून गाडी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर न्यावीच. एकूण वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय यालाही महत्त्व आहे: जड वस्तू चाकांच्या वर, हलक्या टोकांना, आणि दोन्ही गाड्या जोडणाऱ्या हुकावर एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार. मागे जास्त वजन झालं की गाडी शेपूट हलवायला लागते. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतात रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. तशी एक समोरून गेली की हवेचा असा धक्का बसतो की वजन नीट लावल्याचं समाधान त्याच क्षणी मिळतं. आम्ही ताशी ९० च्या वर गेलो नाही, आणि मागून ट्रक आला की यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरच्या चॅनेलवर ड्रायव्हरशी बोलून त्याला वाट करून द्यायचो. ते लोक फार सौजन्याने बोलतात.

आता फ्रीज. आमचा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा आहे, २२० लिटरचा. गॅसवर चालणारे जुन्या पद्धतीचे फ्रीज बाहेरचं तापमान चढलं की धापा टाकतात, आणि गाडी सपाट उभी नसेल तर नीट चालतही नाहीत. तेव्हा उत्तरेला जायचं असेल तर कॉम्प्रेसरचाच घ्या, यात माझ्या मनात शंका नाही. मात्र बनवणाऱ्यांनी त्याच्या मागची गरम हवा बाहेर पडायला पुरेशी वाटच ठेवली नव्हती. बाहेर पस्तीस-छत्तीस अंश असताना तो क्षणभरही थांबत नसे आणि रात्रभरात बॅटरी निम्म्याच्या खाली यायची. विक्रेत्याला फोन केला तर ‘नियमानुसारच बसवला आहे’ एवढंच उत्तर. एवढे पैसे मोजल्यावर असं ऐकावं लागलं याचा मला अजून राग आहे. शेवटी कॅथरीन गावात एका कारागिराने मागे वरच्या बाजूला जाळी कापून दोन छोटे पंखे बसवले, आणि फरक त्याच रात्री दिसला. विकत घेण्याआधी फ्रीजच्या मागे हात घालून बघा.

सोलरचा एक पेच तिथे गेल्यावरच कळतो. गाडी सावलीत लावली तर पॅनेल उपाशी, उन्हात लावली तर आतली माणसं भाजून निघतात. यावर उतारा म्हणजे वेगळं घडीचं पॅनेल आणि लांब वायर. गाडी झाडाखाली, पॅनेल उन्हात. आमचं २०० वॅटचं आहे आणि सगळ्या सामानात मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

एसी विजेची जोडणी असलेल्या जागेवरच चालवला. तशी त्याची गरजही कमी पडली, कारण जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, मटारांका गावी रात्री चांगली चादर लागते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या आणि वर हवा ओढणारा पंखा असला की झोप छान लागते. खिडक्यांची जाळी मात्र बारीक हवी. साध्या जाळीतून खाडीकाठच्या बारीक चिलटं सहज आत येतात आणि त्यांच्या चाव्याची खाज आठवडाभर जात नाही. दुसरा त्रास हिरव्या मुंग्यांचा. विजेच्या वायरीवरून, ऑनिंगच्या (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराच्या) दोरीवरून त्या रांगेने गाडीत शिरतात. जमिनीला टेकणाऱ्या प्रत्येक पायाभोवती आणि वायरीभोवती मुंग्यांची पावडर टाकायची सवय लावून घेतली.

धुळीबद्दल थोडक्यात. गॅसची शेगडी आत असली की नियमाने खाली कायम उघडे झरोके ठेवावे लागतात, आणि कच्च्या रस्त्यावर तिथूनच लाल माती आत येते. आम्ही कच्च्या रस्त्यांवर कॅरव्हॅन नेलीच नाही. ती तळावर ठेवायची आणि नुसती डी-मॅक्स घेऊन जायचं. वॉरंटीची कलमं नीट वाचा, कच्च्या रस्त्याबद्दल प्रत्येकाची भाषा वेगळी असते.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला, ते पाणी. मटारांकाजवळचं बिटर स्प्रिंग्ज हे मी आयुष्यात पाहिलेलं सर्वांत सुंदर पोहण्याचं ठिकाण. टिंडल नावाच्या चुनखडीच्या थरात साठलेलं पाणी तिथे वर येतं, साधारण ३४ अंशांचं, निळसर, इतकं नितळ की तळातली पानं मोजावीत. शिडीवरून उतरायचं आणि अंग सैल सोडायचं. पुढचं काम प्रवाह करतो. ताडांच्या सावलीतून, शेवाळाच्या लांब झिपऱ्यांवरून, कोळ्यांच्या जाळ्यांखालून तो हळूहळू खाली नेतो. दुसऱ्या शिडीने वर यायचं, पायवाटेने परत जायचं आणि पुन्हा उतरायचं. बहुतेकजण फोमच्या लांब नळ्या काखेत घेऊन तरंगतात. माझे गुडघे दुखरे आहेत. तिथल्या मुक्कामात रोज सकाळी जात होते, आणि चालण्यातला फरक ह्यांनीच आधी ओळखला. हे झरे कोरड्या मोसमातही रोपर नदी वाहती ठेवतात. त्याच चुन्यामुळे नळाचं पाणी मात्र जड असतं. आमच्या किटलीत पांढरा थर जमला, गीझरलाही त्रास झाला. नळाला लावायचा फिल्टर बरोबर ठेवा.

निटमिलुकच्या उद्यानात, जे १९८९ मध्ये मूळ मालकांना, जावोइन लोकांना, परत मिळालं, लेलिनचा म्हणजे एडिथ फॉल्सचा मोठा डोह आहे. वाहनतळाजवळच आहे आणि पोहायला ऐसपैस. लिचफील्ड उद्यानात फ्लॉरेन्स फॉल्सला खूप पायऱ्या उतराव्या लागतात, पण ब्यूली रॉकहोलमध्ये एकाखाली एक अशी दगडी कुंडं आहेत, ज्याला जेवढं झेपेल तेवढ्या पाण्यात बसावं.

पोहण्याचा नियम एकच: जिथे पाटीवर परवानगी आहे तिथेच, आणि आज ती जागा उघडी आहे का हे बघूनच. खाऱ्या पाण्यातल्या मगरींना टेरिटरीत १९७१ पासून संरक्षण आहे आणि आता त्या भरपूर आहेत. नावाला खाऱ्या पाण्यातल्या, पण नदीने शेकडो किलोमीटर आत येतात. पावसाळ्यानंतर उद्यानाची माणसं प्रत्येक डोह तपासतात आणि मगच लोकांना उतरू देतात. समुद्रात तर आम्ही पाऊलही टाकलं नाही. काकाडू उद्यानात काहिल्स क्रॉसिंगला भरतीच्या वेळी बोईचे थवे बंधाऱ्यावरून उड्या मारतात आणि मगरी तोंड उघडून वाटच बघत असतात. एकदा ते पाहिलं की पाटीशी वाद घालायची इच्छा उरत नाही.

आता मासे. हे अलिबागचे, लहानपणापासून खाडीवर गरी घेऊन बसलेले. टेरिटरीत हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, फक्त माप आणि संख्या पाळायची. आदिवासींच्या जमिनीत शिरताना मात्र आधी परवानगी काढावी लागते. तिथला राजा बारामुंडी, म्हणजे आपला जिताडाच. पेण-अलिबागच्या तळ्यांतला जिताडा ज्याने खाल्लाय त्याला चव सांगायला नको. टेरिटरीत ५५ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा सोडून द्यावा लागतो. हे तर मोठेही सोडतात, कारण हा मासा आधी नर असतो आणि वय-आकार वाढल्यावर मादी होतो. मोठा मासा म्हणजे अंड्यांनी भरणारी आई. पावसाळा ओसरताना, पूरमैदानांवरचं पाणी ओहोळांतून नदीत उतरतं, तिथे तोंडाशी जिताडे टपून बसतात. आम्हाला मेमध्ये या काळाचा शेवट मिळाला. जुलैत पाणी गार झालं की मासा सुस्तावतो. गळाला लागला की तो अख्खा पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं झटकतो, आणि त्याच्या कल्ल्यांची कड ब्लेडसारखी असते, हातमोज्याशिवाय धरू नये.

परतीच्या वाटेवर कार्पेंटारियाच्या आखातावर करुंबाला मुक्काम केला, नॉर्मनटनवरून तिथवर डांबरी रस्ता आहे. इथे मला कोकणच भेटलं. ज्याला ते ब्लू सॅमन म्हणतात तो रावस. ग्रंटर म्हणजे करकरा. मॅन्ग्रोव्ह जॅक म्हणजे तांबोशी. शेजारच्या तळांवरची मंडळी सगळ्यांच्याच तुकड्या काढून पिठात बुडवून तळत होती, आणि डोकी, काटे टाकून देत होती. मी रावसाचं डोकं मागून घेतलं आणि आगळ घालून त्याचं सार केलं. दुसऱ्या दिवसापासून लोक स्वतःहून डोकी आणून द्यायला लागले.

इथेच गाडीतली सर्वांत आवडती गोष्ट सांगायला हवी: बाहेर सरकणारा ओटा. दोन शेगड्या, छोटं सिंक, वर ऑनिंगची सावली. फोडणी, तळण, कुकर सगळं बाहेर. आतल्या ओट्यावर मी चहापलीकडे क्वचितच काही केलं, त्यामुळे गादीला माशाचा वास लागला नाही. या बाहेरच्या ओट्याची एक बिजागरी मात्र तुटली, आणि तिच्या जागी आम्ही स्टेनलेस स्टीलची जाड बसवली.

मगरींमुळे मासे साफ करायला नदीकाठी बसायचं नाही, तळावरच्या ठरलेल्या टेबलावरच. आतडी पाण्यात टाकायची नाहीत, गळ टाकताना काठापासून निदान पाच मीटर मागे उभं राहायचं आणि तळ पाण्यापासून पन्नास मीटर लांब टाकायचा. ह्यांना सुरुवातीला ते अवघड गेलं, पाण्यात पाय बुडवून गरवायची सवय ना! मी दर वेळी मागे उभी राहून ‘अहो, मागे या’ म्हणत होते, आणि ते येत होते.

कुणाला घ्यावी म्हणाल, तर जोडप्याला पुरेपूर, मुलं-नातवंडं बरोबर असतील तर अपुरी. जून-जुलैच्या शाळेच्या सुट्ट्यांत लिचफील्ड आणि काकाडूतल्या वीज असलेल्या जागा लवकर भरतात, त्या आधी ठरवा. करुंबाला तर दक्षिणेतली थंडी चुकवायला आलेली ज्येष्ठ मंडळी महिनोन्महिने राहतात, तिथेही निघण्यापूर्वी फोन करा. आणि चाकांचे बेअरिंग, फ्रीजचे फ्यूज, जाळीचा तुकडा आणि पाण्याच्या पाइपचे जोड एवढं बरोबर ठेवा. माउंट आयझा सोडलं की यातली कुठलीही वस्तू मिळायला दीड दिवस गाडी चालवावी लागू शकते.