हॅरीच्या दप्तरातली पुस्तकं: कुठलं घ्यावं, कुठलं राहू द्यावं

हॅरी पॉटरचे सात भाग संपले की पोरं "आता पुढे काय?" म्हणून मागे लागतात आणि घरातल्या मावश्या-काका दुकानात जाऊन त्या नावाचं जे दिसेल ते उचलून आणतात. मी बँकेत आहे. पैसे कुठे टाकावेत आणि कुठे टाकू नयेत हे दिवसभर सांगत असते. म्हणून भाच्यासाठी खरेदी करताना जे समजलं ते इथेही सांगून टाकते.

मालिकेच्या लेखिका जे. के. रोलिंगबाईंनी स्वतः लिहिलेली तीन बारकी पुस्तकं आहेत. तिन्हींची नावं मूळ मालिकेत आधीच येऊन गेली आहेत. 'फँटॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम' हे हॅरीचं पहिल्या वर्षाचं क्रमिक पुस्तक. 'क्विडिच थ्रू द एजेस' (क्विडिच म्हणजे झाडूवर बसून उडत खेळायचा खेळ) हे शाळेच्या लायब्ररीतलं, पहिल्याच भागात स्नेप मास्तर हॅरीच्या हातून काढून घेतात ते. आणि 'द टेल्स ऑफ बीडल द बार्ड' हे मुख्याध्यापक डम्बलडोर मृत्युपत्रात हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिला ठेवून जातात ते. थोडक्यात, ही त्या जगाची माहिती देणारी पुस्तकं नव्हेत, त्या जगातलीच आहेत. माझ्या मते सगळी मजा यातच आहे, आणि ती कुठे टिकली, कुठे गेली यावरच पैसे टाकावेत.

'फँटॅस्टिक बीस्ट्स' २००१ साली कॉमिक रिलीफ या संस्थेच्या मदतीसाठी आलं. लेखक म्हणून नाव त्या जगातल्या न्यूट स्कॅमँडरचं, प्रस्तावना डम्बलडोरांची, मागच्या कव्हरवर किंमत पौंडांत आणि शेजारी जादूगारांच्या नाण्यांत, चौदा सिकल तीन नट. (एकोणतीस नटांचा एक सिकल, सतरा सिकलांचा एक गॅलियन. जादूगारांची बँक चालवणाऱ्या गोब्लिनांच्या कॅश काउंटरवर मी एक दिवस टिकले नसते.) आत अ ते ज्ञ प्राणी. प्रत्येकापुढे जादू मंत्रालयाने धोक्यानुसार फुल्या मारलेल्या, पाच म्हणजे माणूस मारणारा. पण खरं पुस्तक समासात आहे. ही प्रत हॅरीची. त्याचा मित्र रॉन, त्याचं पुस्तक फाटल्यामुळे तोही यातच वाचतो, आणि दोघांनी पेनाने पानं रंगवून ठेवली आहेत. पहिल्याच पानावर हर्मायनी रॉनला सुनावते की शनिवारी डंगबॉम्बवर (दुर्गंधी सोडणारे गोळे) पैसे उडवलेस त्यात नवीन पुस्तक आलं असतं. ॲक्रोमँट्युला या राक्षसी कोळ्यापुढे पाच फुल्या पुरेशा वाटल्या नाहीत म्हणून कुणीतरी आणखी मारल्यात. त्यांची वसाहत स्कॉटलंडमध्ये असल्याची अफवा आहे असं छापलंय, आणि खाली दोघांनी नावानिशी लिहिलंय की आम्ही खात्री करून आलोय! दुसऱ्या भागात हे दोघे त्याच कोळ्यांच्या तावडीत सापडतात, त्यामुळे तो वाचलेलं पोर इथे खुर्चीवरून पडतं. भाच्याने तर छापील मजकूर सोडून आधी सगळे समासच वाचून काढले, आणि त्याची आई ओरडत असताना स्वतःची पेन्सिलही चालवली.

२०१७ च्या आवृत्तीत हे सगळं पुसलं. न्यूटची नवी प्रस्तावना आली, अमेरिकेतले सहा नवे प्राणी आले, वर्ग स्वच्छ झाडून काढला. आता ते नीटनेटकं कोशवजा पुस्तक झालंय. याच नावाचे सिनेमे बघून आलेल्यांना चालेल, पण त्यात हॅरी नाही. ऑलिव्हिया लोमेनेक गिल यांची चित्रं असलेली मोठी आवृत्ती मात्र देखणी आहे. चित्रांसाठी घ्यायची तर जरूर घ्या.

'क्विडिच' मला सगळ्यात जास्त आवडतं, आणि मला मैदानी खेळातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवातीला लायब्ररीची स्लिप आहे, त्यावर वुड, डिगरी, ग्रेंजर, पॉटर अशी नावं. पुढे एखाद्या हाडाच्या क्रीडा पत्रकाराने लिहावा तसा इतिहास. दलदलीकाठी राहणारी गर्टी केडल आपल्या रोजनिशीत शेजाऱ्यांच्या या थिल्लरपणावर वैतागते. १२६९ मध्ये बार्बेरस ब्रॅग सामन्यात एक इवलासा स्निजेट पक्षी सोडतो आणि पकडणाऱ्याला दीडशे गॅलियनचं बक्षीस लावतो. पुढे पक्षी नामशेष व्हायला आला तेव्हा त्याच्याऐवजी स्निच हा धातूचा उडता चेंडू घडवला गेला. सातशे प्रकारचे फाउल आहेत आणि १४७३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते सगळेच्या सगळे झाले. रॉनच्या आवडत्या चडली कॅनन्स संघाचं ब्रीदवाक्य आधी विजयाचं होतं, ते १९७२ मध्ये बदलून 'नशिबावर हवाला ठेवू आणि बरं होईल अशी आशा करू' छापाचं करण्यात आलं. ज्यांनी वर्षानुवर्षं एखाद्या हरणाऱ्या संघावर जीव टाकलाय त्यांना हे वेगळं समजावावं लागणार नाही.

आणि हो, भारत आहे यात! आपल्या जादू मंत्रालयाला क्विडिचचा संशय येतो, कारण इथे उडत्या गालिच्यांचा धंदा जोरात आहे. एवढंच, एका वाक्यात, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, मंगोलियाच्या पंक्तीत. एकीकडे हसू येतं, एकीकडे वाटतं, बाई, झाडूला आमच्याकडे लक्ष्मी मानतात, थोडी चौकशी तरी करायची. जपानला मात्र स्वतःचा संघ मिळालाय, तोयोहाशी तेंगू, हरल्यावर स्वतःचे झाडू पेटवणारा.

'बीडल' २००८ चं. त्याआधी हाताने लिहिलेल्या सातच प्रती होत्या. त्यातली एक २००७ मध्ये लिलावात साडेएकोणीस लाख पौंडांना गेली. पाच गोष्टी. खरं सांगायचं तर गोष्टी ठीक आहेत, केसाळ काळजाची तेवढी अंगावर येते. लहानग्यांना झोपताना ती वाचून दाखवू नका. चव आहे ती प्रत्येक गोष्टीमागच्या डम्बलडोरांच्या टिपांना. शाळेच्या नाटकाला आग कशी लागली ते त्यात आहे, आणि त्या नाटकाची मूळ गोष्ट शाळेच्या लायब्ररीतून काढा म्हणणाऱ्या ल्युशियस मॅल्फॉय या पालकाला मिळालेलं उत्तरही. पण शेवटच्या तीन भावांच्या गोष्टीवरची टीप दोनदा वाचा. एल्डर वाँड या सगळ्यात ताकदवान मानल्या जाणाऱ्या कांडीबद्दल म्हातारा डम्बलडोर एखाद्या अभ्यासकासारखा अलिप्तपणे लिहितो, दंतकथा, पुरावे, शंका. आणि ती कांडी त्या वेळी त्याच्याच झग्यात आहे. हे फक्त सातवा भाग वाचलेल्यालाच कळतं, म्हणून हे पुस्तक आधी कुणाच्या हातात देऊ नका.

२०१६ चं 'कर्स्ड चाइल्ड' या पंगतीतलं नाही. ती नाटकाची संहिता आहे, जॅक थॉर्न यांनी लिहिलेली. रंगमंचावर असेल छान, वाचताना मला ते आपले हॅरी-रॉन वाटले नाहीत.

तर क्विडिच आणि बीडल बिनधास्त घ्या. बीस्ट्स घ्यायचं तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात २०१७ आधीची प्रत शोधा, आणि कुणीतरी त्यात लिहून ठेवलंय म्हणून दुकानदाराशी भाव पाडायला जाऊ नका, ते लिखाण छापीलच आहे.