एअर पिस्तुलाला बाहेरचा ट्रिगर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात काम करतो आणि संध्याकाळी १० मीटर एअर पिस्तूल मारतो. माझं पिस्तूल सेकंडहँड घेऊन हळूहळू जुळवलेलं आहे. मूठ मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्या एका कारागिराकडून माझ्या पंजाच्या मापाने करून घेतली. नोव्हेंबरात पिस्तुलाला बाहेरून मागवलेलं ट्रिगरचं पातं, म्हणजे बोटाने दाबायचा भाग, बसवलं, ३,७०० रुपयांचं. ते पुढेमागे सरकतं आणि डावी-उजवीकडे थोडं फिरतं. मूळ पात्यावर माझं बोट तिरकं पडायचं आणि शॉट डावीकडे ओढला जायचा. नवीन पात्यावर बोटाचं टोक सरळ टेकतं. पहिल्याच पंधरवड्यात साठ शॉट्सचा स्कोअर ५४० वरून ५५१ वर गेला, त्यामुळे मी अगदी निर्धास्त झालो.

जानेवारीत स्पर्धेला गेलो. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. नळी उभी धरून पात्याच्या मध्याजवळ वजन टांगतात आणि पिस्तुलाने ते उचलून दाखवायचं असतं. तीन संधी मिळतात. माझा ट्रिगर तीनही वेळा वजन जमिनीवरून सुटायच्या आत सुटला. घरी तर मी ५३० ग्रॅम मोजून आलो होतो! तिथेच ट्रिगरचं वजन ठरवणारा स्क्रू कडक केला, पुन्हा तपासणी करून घेतली आणि स्पर्धेत उभा राहिलो. पण सगळे साठ शॉट परक्या पिस्तुलाने मारल्यासारखे गेले. ५३३.

घरी आल्यावर सगळा राग त्या पात्यावर काढला, बदलून घेण्यासाठी विक्रेत्याशी दोन दिवस वाद घातला. खरं कारण भाच्यामुळे सापडलं. तोही याच पिस्तुलावर शिकतो. स्क्रू परत पहिल्या जागी आणून त्याच्या हातात दिलं, तर म्हणाला, "मामा, तुम्ही मारता तेव्हा घट्ट वाटतं म्हणता, माझ्या हातात लगेच सुटतंय." त्याचं बोट पाहिलं. त्याचा हात लहान, म्हणून बोट पात्याच्या खालच्या टोकाजवळ टेकत होतं.

मग पट्टी घेऊन बसलो. ज्या पिनवर ट्रिगर फिरतो तिथपासून मी घरी वजनाचा हूक अडकवत होतो ती जागा २२ मिलिमीटरवर होती. नवीन पातं जुन्यापेक्षा लांब, त्याचा मध्य २५ मिलिमीटरवर. दाराला बिजागरीपासून जितकं लांब ढकलाल तितका जोर कमी लागतो, तेच इथे. ५३० ला २२ ने गुणून २५ ने भागलं की साधारण ४६६ येतात. म्हणजे पातं निर्दोष होतं, चूक माझ्या मोजण्यात होती. पण पातं लांब असलं तर वजन नव्याने जुळवावं लागतं, एवढं एक वाक्य सोबतच्या कागदावर असायला हवं होतं. ते नव्हतं, आणि ही माझी खरी तक्रार आहे.

मोजायची माझी पद्धत सांगतो. आधी छर्रा नाही याची दोनदा खात्री करायची, पण हवा भरून पिस्तूल कॉक केलेलं, म्हणजे सुटायला तयार, ठेवायचं, कारण तपासणीही तशीच होते. नळी सुरक्षित दिशेला उभी. पात्याच्या मध्यावर तारेचा हूक, त्याला छोटी बाटली. थोडं थोडं पाणी ओतत जायचं, ट्रिगर सुटला की हुकासकट बाटली काट्यावर ठेवायची. पाच वेळा करून सर्वांत कमी आकडा धरायचा. मी तो ५२५ वर ठेवला आहे.

दुसरी अडचण स्क्रूची. पातं पकडणारा बारीक स्क्रू दर दोन-तीनशे शॉट्सनंतर ढिला व्हायचा. आधी स्क्रू आणि पातं मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली, म्हणजे सरकला की दिसतं. मग सुईच्या टोकाने आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं लॉकिंग द्रव लावलं. तेव्हापासून हललेला नाही. हे द्रव आतल्या पिनांकडे जाऊ देऊ नका.

एप्रिलमध्ये सौद्यांची गर्दी होती तेव्हा तिसरं दुखणं आलं. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिला टप्पा संपून बोट अडतं, तिथून शॉट स्वच्छ सुटायला हवा. तसा न सुटता बारीक वाळूवरून घासल्यासारखा दुसरा टप्पा सरकायला लागला. मूठ उतरवून भिंगाने पाहिलं तर पिनेभोवती मोहरीएवढा पिवळा चिखल. माझा सराव गोदामामागच्या लांब खोलीत चालतो. हळदीची धूळ आणि मीच आठवड्याला सोडलेलं तेल, दोन्ही मिळून ते झालं होतं. सुती कापडाने आणि टूथपिकने काढलं, प्रत्येक पिनेला सुईच्या टोकाएवढं तेल दिलं. दुसऱ्या दिवशी ट्रिगर काचेची कांडी मोडावी तसा सुटला.

त्या काळात एकाने सिअरचे (ट्रिगर दाबेपर्यंत शॉट अडवून धरणाऱ्या आतल्या खटक्याचे) पृष्ठभाग घासून गुळगुळीत करायचा सल्ला दिला होता. तो ऐकला नाही, तुम्हीही ऐकू नका. तिथली कड बिघडली की बोट न लावता पिस्तूल सुटू शकतं. काहीही बदल केला की मी रिकाम्या, पण कॉक केलेल्या पिस्तुलाला बाजूने तळहाताने थोपटून पाहतो, न सुटलं तरच छर्रा घालतो. आणि हे सगळं फक्त ४.५ मिलिमीटर एअर पिस्तुलापुरतं. काडतुसाच्या हत्याराची विनापरवाना दुरुस्ती किंवा फेरफार करणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे.

आज पातं पुन्हा घेईन का? घेईन. जुलैतल्या सरावात ५५८ पर्यंत गेलो, आणि डावीकडे जाऊन आठ-सात गुणच देणारे शॉट जवळजवळ थांबलेत. आता पात्याच्या खाचेवर दोन रेघा आहेत, काळी माझी आणि लाल भाच्याची. एकाच्या रेघेवरून दुसऱ्याच्या रेघेवर पातं सरकवलं की बाटली पुन्हा टांगतो. ते काम आता भाचाच करतो, आणि आकडा वहीत लिहितो.