‘रॉकवूल’ सांगून थर्माकोल बसवला: रेकॉर्डिंगच्या खोलीत आमची झालेली फसवणूक

घरी गाणं किंवा पॉडकास्ट रेकॉर्ड करायला खोली तयार करून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे ६२ हजार गेले, त्यातला रुपयाही अजून परत आलेला नाही.

आमचं घर विश्रामबागला, सांगली-मिरज रस्त्याला लागून. मुलगी गाते, तानपुरा मिरजेत केलेला. तिचं गाणं नीट रेकॉर्ड व्हावं म्हणून वरच्या मजल्यावर सोय करायचं ठरलं. ओळखीतून एक ठेकेदार आला. मागच्या बाजूला १० बाय १४ ची खोली रिकामी असताना त्याने रस्त्याकडची १० बाय १० ची निवडली. “चौरस खोलीत आवाज सगळीकडे सारखा बसतो,” म्हणाला. हे साफ खोटं. त्या खोलीची उंचीही १० फूटच आहे. तिन्ही मापं सारखी असली की तिन्ही दिशांना एकच कंपन घुमतं. १० फुटांना ते साधारण ५६ हर्ट्झवर (सेकंदाला ५६ कंपनं) येतं आणि पुन्हा दुपटीवर, ११२ ला. मुलीची पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी पाच, म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज, सगळ्यात खालचा सूर, ११६ च्या आसपास, त्या ११२ ला लागूनच. रेकॉर्डिंगमध्ये खर्जाची तार नुसती भुंग्यासारखी घुमायची, बाकीच्या तारा तिच्याखाली दबायच्या.

कोटेशनमध्ये दोन गोष्टी होत्या: भिंतींना एक इंची फोम आणि कोपऱ्यांत ‘४८ घनतेचा रॉकवूल’ (दगड वितळवून केलेली, आवाज शोषणारी लोकर, घनमीटरला ४८ किलोची) भरलेले कापडी पॅनल. निम्मे पैसे आधी, निम्मे काम झाल्यावर. “आता बाहेर वरात गेली तरी माइकला कळणार नाही,” असं छातीठोकपणे सांगून गेला. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये एसटीचा हॉर्न स्वच्छ ऐकू आला.

फोमने बाहेरचा आवाज थांबत नाही. तो थांबतो वजनदार भिंतीने आणि फटी बुजवल्याने. दाराखालून उजेड दिसत असेल, तर तिथून आवाजही येणारच. फोम फक्त खोलीतला पडसाद कमी करतो, आणि एक इंची फोम तोही वरच्या स्वरांचाच. खालचे स्वर तसेच राहतात, म्हणून आवाज कोंदट आणि घुमणारा, दोन्ही एकदम होतो. शिवाय साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम झटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. मुलं बसणार त्या खोलीत असला माल लावताना त्या माणसाला काहीच कसं वाटलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

संशय आला म्हणून एक पॅनल उतरवलं. हाताला फारच हलकं लागलं. मागचं कापड ब्लेडने कापलं, तर आत पांढराशुभ्र थर्माकोल! दोन तुकडे सेलोटेपने जोडलेले, आणि कापडाला लागून पिवळ्या लोकरीचा एक पातळ थर, बोटाने दाबून बघणाऱ्याला फसवण्यापुरता. बोट रुतवलं की पांढरे मणी गळायचे. बाकीची पॅनलंही तशीच निघाली. थर्माकोलमधून हवाच जात नाही, तो आवाज काय शोषणार?

हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन बाय चार फुटांचा, दोन इंच जाडीचा ४८ घनतेचा रॉकवूलचा स्लॅब सुमारे १.८ किलो भरतो. तेवढाच थर्माकोल अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणून कापड चढवण्याआधी, चौकटीशिवाय, तुमच्यासमोर वजन करायला लावा. फोम असेल तर तुकडा तोंडाशी धरून फुंकर मारा. पलीकडे हवा लागली पाहिजे. खोली निवडताना टाळी वाजवा आणि उलट येणारी टणटण ऐका. तशी आली तर काहीही विकत घेण्याआधी त्या खोलीत गाद्या, गोधड्या, पुस्तकांचं कपाट ठेवून रेकॉर्ड करून बघा. आम्ही आता मागच्या खोलीत तेच केलंय, आणि गाणं त्या फोमच्या खोलीपेक्षा कितीतरी चांगलं येतंय.

ठेकेदार आधी म्हणाला, “माल वरूनच तसा आला.” नंतर फोन उचलणं बंद. कोटेशन व्हॉट्सअॅपवर होतं, त्यात ‘रॉकवूल’ आणि घनता दोन्ही लिहिलेलं, तोच आमचा पुरावा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची कागदपत्रं तयार करतोय. तुमच्याकडे असंच काम झालं असेल, तर पॅनल फेकू नका. कापड कापतानाचा व्हिडिओ काढा आणि वजनकाट्यावरचा फोटोही घ्या.