कन्स्ट्रेंटशेजारी मराठी वाक्य: सात महिने वापरल्यावर

पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळणं हे माझं काम. पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसमधल्या प्रत्येक कन्स्ट्रेंटला, म्हणजे चुकीची नोंद अडवणाऱ्या नियमाला, आपण नाव द्यायचं आणि ‘कॉमेंट ऑन कन्स्ट्रेंट’ची कमांड वापरून त्यावरच एक मराठी वाक्य लिहून ठेवायचं, ही पद्धत आम्ही सात महिन्यांपूर्वी सुरू केली.

कारण झाला एक फोन. काउंटरवरच्या ताई मुदत ठेवीची नोंद करत होत्या आणि स्क्रीनवर इंग्रजी ओळ आली, शेवटी ‘ठेवी_चेक३’. हे नाव पोस्टग्रेसनेच ठेवलेलं. आपण नाव दिलं नाही, की दोन कॉलमांवरच्या नियमाला ते टेबलाचं नाव, ‘चेक’ (म्हणजे तपासणीचा नियम) आणि आकडा असं काहीतरी चिकटवतं. ताईंना वाटलं, ठेवीदाराच्या चेकमध्येच चूक आहे. त्यांनी आजोबांना दुसरा चेक आणायला घरी पाठवलं. चूक एवढीच होती, की मुदत संपण्याची तारीख टाकताना वर्ष मागचं पडलं होतं. उन्हातून परत गेलेले ते आजोबा अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता त्याच जागी येतं: ‘मुदत संपण्याची तारीख ठेवीच्या तारखेनंतरची हवी. वर्ष तपासा.’ आवृत्ती ९.३ पासून कन्स्ट्रेंटचं नाव एररसोबत वेगळं मिळतं, त्यामुळे इंग्रजी वाक्य चाळत बसावं लागत नाही. नावावरून कॉमेंट शोधायची आणि दाखवायची. नियम लिहिणाऱ्यानेच त्याच वेळी वाक्य लिहायचं, हा यातला खरा फायदा. सहा महिन्यांनी तो नियम का घातला होता हे त्यालाही आठवत नाही.

त्रास झाला तो फॉरेन कीचा, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या नोंदीशी बांधणाऱ्या नियमाचा. नसलेल्या सभासदाच्या नावे खातं उघडा किंवा खाती असलेला सभासद काढून टाकायला जा, एररचा कोड एकच, २३५०३, आणि कन्स्ट्रेंटचं नावही तेच. एक वाक्य दोन्हीकडे कसं चालेल? आम्ही कॉमेंटमध्ये दोन वाक्यं लिहितो, मध्ये उभी रेघ. नोंद करताना पहिलं, काढताना दुसरं.

नावंही देवनागरीत देऊन पाहिली. मर्यादा ६३ बाइटची आणि आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. एकविसाव्या चिन्हानंतर नाव कापलं जातं, तेही फक्त एक नोटीस देऊन. म्हणून नावं रोमनमध्ये, वाक्यं मराठीत.

एररमधला ‘डिटेल’, म्हणजे तपशिलाचा भाग, मात्र काउंटरवर कधीच दाखवू नका. चेकचा नियम मोडला की त्यात नोंदीची अख्खी ओळ येते, पॅन आणि मोबाइल नंबरासकट. लॉगमध्येही, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतही, ती उमटू नये म्हणून आम्ही ‘लॉग_एरर_व्हर्बोसिटी’ ही सेटिंग ‘टर्स’, म्हणजे त्रोटक, ठेवली आहे.

एका वेळी एकच मोडलेला नियम कळतो, ही अडचण उरलीच आहे. तीन चुका असल्या तर ताईंना तीनदा सेव्ह दाबावं लागतं. त्यासाठी फॉर्मवरची तपासणी काढलेली नाही, काढणारही नाही. वाक्यं मात्र आता त्याच वाचून बघतात. ‘वर्ष तपासा’ हे शब्द त्यांनीच घालायला लावले.