पंक्चर-थराचा ७००×३२ टायर : पावसाळ्यासकट आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

सायकल अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड, फ्रेम 'एम' मापाची, ब्रेक केबलवर चालणारे डिस्क, मागे ९ गिअर. टायर ७००×३२ (म्हणजे ३२ मिमी रुंद), वायर बीडचे (रिममध्ये बसणाऱ्या कडेत पोलादी तार असलेले), ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीखाली, जवळपास ३ मिमी रबरी पंक्चर-थर असलेले. वापर पुण्यात रोजचं जाणं-येणं, सुट्टीला सिंहगड, बोपदेव घाट, कात्रजचा जुना बोगदा, आणि पावसात ताम्हिणी घाट उतरून माणगावपर्यंत. अंतर चार हजार किलोमीटरच्या पुढे गेलंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातले टायर एकमेकांपेक्षा फार वेगळे वागत नाहीत. टायर किती टिकणार हे हवा किती, वजन कुठल्या चाकावर आणि तुम्ही फ्रेमवर कसे बसता यावर जास्त ठरतं.

आजची स्थिती अशी. पुढच्या टायरवर कडेची नक्षी नव्यासारखी आहे, मधली थोडी बुजलीय. मागच्याचा मध्य मात्र सपाट झालाय. बोट आडवं फिरवलं की नव्या टायरची गोलाई लागत नाही. आधी सपाट पट्टा आणि मग दोन्ही बाजूंना हलकी धार लागते. पट्ट्याची रुंदी साधारण १४ मिमी आहे. हे झीज ओळखण्याचं सर्वांत खात्रीचं लक्षण. काही टायरना मध्यावर दोन बारीक खड्डे दिलेले असतात, ते बुजले की टायर संपला. ज्यांना नसतात त्यांच्यात हा पट्टा, वाढत जाणारी पंक्चरं आणि शेवटी रबराखाली दिसणारे धागे, याच क्रमाने सूचना मिळते. धागे दिसेपर्यंत थांबू नका. पट्टा रुंद झाला की वळणावर सायकल आधी झुकायला नकार देते आणि मग एकदम झुकते. उतारावर हे धोक्याचं आहे.

मागचा टायर पुढच्यापेक्षा लवकर जाणारच. वजन त्याच्यावर जास्त, पॅडलची ओढ त्याच्यावर, आणि घाबरून मागचाच ब्रेक दाबणारे पुष्कळ. सिंहगडाच्या उतारावर मागचं चाक लॉक करून घसरवलं तर एकाच जागी रबर खरवडून निघतं आणि तिथून पुढे प्रत्येक फेऱ्यात चाक टक-टक करतं. असा चट्टा पडला की मग कितीही जपलं तरी टायर तिथूनच फाटणार.

मागचा संपला की पुष्कळ जण पुढचा-मागचा अदलाबदल करतात. हे करू नका. झिजलेला टायर पुढे गेला आणि वळणावर निसटला तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून पुढचा टायर मागे घ्यायचा, नवा पुढे लावायचा आणि मागचा टाकून द्यायचा. प्रसिद्ध अमेरिकन सायकल-मेकॅनिक शेल्डन ब्राउन हेच सांगत असत, आणि यात वाद घालण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

आता हवेबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. टायरच्या बाजूवर ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) छापलंय, ती कमाल मर्यादा आहे, सल्ला नाही. तरीही दुकानात 'टाइट भरून देतो' म्हणत काटा ८०च्या पुढे नेतात. खडबडीत डांबरावर इतका कडक टायर चालण्यापेक्षा उडतो जास्त. हात बधिर होतात, ओल्यात पकड जाते आणि झीज मधल्या अरुंद पट्ट्यावर एकवटते. सायकलींवर लिहिणारे अमेरिकन लेखक फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा वापरा : स्वार बसल्यावर टायर उंचीच्या साधारण १५ टक्के दबला पाहिजे. ३२ च्या टायरला म्हणजे जेमतेम ५ मिमी. यासाठी दोन्ही चाकांवरचं वजन कळायला हवं. वजनकाट्यावर पुढचं चाक ठेवा, मागच्याखाली काट्याच्याच उंचीची फळी घाला, भिंतीला हलका आधार घेऊन नेहमीच्या पद्धतीने बसा. दुसऱ्याला आकडा वाचायला सांगा. मग चाकं बदलून पुन्हा.

स्वार ७६ किलो, सायकल १३ आणि बॅग ३ किलो, असे एकूण ९२ धरले तर माझ्या आताच्या बैठकीत पुढे ३९ आणि मागे ५३ येतात. त्याला पुढे ४८ आणि मागे ६० पीएसआय बरोबर बसतं. कॅरिअरवर सामान लादलं तर त्याचं जवळजवळ सगळं वजन मागेच जातं. ८ किलोला मागे ५ पीएसआय वाढवा, पुढे हात लावू नका. पावसात दोन्हीकडे ४-५ कमी केलं तर पकड सुधारते. त्याहून खाली गेलात तर खड्ड्याच्या काठावर रिम ट्यूबला चावते.

ब्यूटाइल (नेहमीच्या रबरी) ट्यूबची हवा हळूहळू आपोआप उतरते. म्हणून आठवड्यातून एकदा काट्याच्या उभ्या पंपाने मोजा. अंगठ्याने दाबून ५० आणि ७० मधला फरक कळत नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेचा भरवसा धरू नका. तिथल्या नळीला प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह बसत नाही, आणि अडॅप्टर लावला तरी सायकलची ट्यूब इतकी लहान की क्षणात जास्त हवा शिरते. उन्हात उभ्या सायकलचा टायर फुटतो ही भीती मात्र वाढवून सांगितलेली. २५ अंशांवर भरलेले ६० पीएसआय ५५ अंशांवर ६७-६८ होतात, एवढंच. टायर रिममध्ये नीट बसला असेल तर काही होत नाही. उन्हाने नुकसान होतं ते वेगळं : कमी हवेत आणि गॅलरीतल्या उन्हात सायकल महिनोन्‌महिने उभी राहिली की बाजूच्या रबराला बारीक भेगा पडतात.

पंक्चर-थराचं काम खरोखर चांगलं आहे. बाभळीचे काटे, काचेचे तुकडे तो बहुतेक वेळा रोखतो. ज्याला तो पुरत नाही ती मुख्य गोष्ट म्हणजे ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून सुटलेली पोलादी तार. केसाएवढी बारीक असते, महामार्गाच्या कडेला पसरलेली असते आणि सरळ आत जाते. पंक्चर काढल्यावर दोन दिवसांनी त्याच जागी पुन्हा झालं तर समजा तार टायरमध्येच आहे. नुसत्या बोटाने सापडत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे तार. पक्कडीने बाहेरून ओढा. हे सोपं व्हावं म्हणून टायर बसवताना त्याच्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी आणा. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमधली जागा लगेच कळते.

पावसाळ्यात पंक्चरं वाढतात याचं कारण साधं आहे. पाणी वंगणाचं काम करतं, त्यामुळे ओल्या रबरात काच सहज शिरते आणि चिकटूनही राहते. दर आठवड्याला ट्रेडमधले कण टोच्याने उचकटून काढले तर पुष्कळ पंक्चरं टळतात.

भोक ट्यूबच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा. पंक्चरचं कारण त्यावरूनच कळतं. बाहेरच्या बाजूला एक भोक म्हणजे काटा किंवा तार. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती आणि खड्डा बसला. आतल्या, रिमकडच्या बाजूला भोक म्हणजे रिम-टेप (रिममधली भोकं झाकणारी पट्टी) सरकलीय आणि स्पोकच्या भोकाची कड लागतेय, तिथे टायर बदलून काही उपयोग नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर पंप लावताना ओढाताण झाली किंवा व्हॉल्व्हची चकती पान्याने आवळली. ती हातानेच, अलगद टेकवायची. ही शेवटची जागा पॅचने दुरुस्त होत नाही.

पॅच लावताना घाई सगळं बिघडवते. सँडपेपरने पॅचपेक्षा मोठी जागा घासा, ट्यूबच्या जोडाची उंच रेघ तिथे असेल तर तीही सपाट करा. सोल्युशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोटाला ओलं लागत असताना पॅच दाबला तर तो दुसऱ्या दिवशी सुटतो.

वायर बीडचे हे टायर चढवायला कडक आहेत, आणि लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटून नवं पंक्चर करून ठेवणं फार सोपं. युक्ती अशी. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. रिमचा मध्य खोल असतो. दोन्ही हातांनी टायर दाबत बीड त्या खोलीत ढकलत आणलं की शेवटी हवी तेवढी ढील मिळते. व्हॉल्व्हपाशी ट्यूबचं जाड बूड बीडला खोलीत उतरू देत नाही, म्हणूनच ती जागा शेवटी ठेवायची. शेवटचा तुकडा बसला की व्हॉल्व्ह एकदा वर ढकलून खाली ओढा. २० पीएसआय भरा, चाक फिरवून बीडजवळची रेघ रिमला सगळीकडे समांतर आहे का ते दोन्ही बाजूंनी पाहा, मगच पुढे भरा.

मापाच्या बाबतीत एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ७००चा टायर म्हणजे ६२२ मिमीची बैठक, टायरवर ३२-६२२ असं छापलेलं असतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा २८×१½ हा ६३५ आहे. गावातला दुकानदार मदत म्हणून 'अठ्ठावीसचा' टायर काढून देईल. तो ६२२च्या रिमवर ढिला राहतो आणि हवा भरताच निसटतो. अडचणीत त्या मापाची ट्यूब घालून घर गाठता येतं. टायर मात्र चालत नाही.

फ्रेमचा मुद्दा टायरच्या अनुभवात का, तर मागच्या चाकावरचं वजन बैठकीतून येतं. विक्रीच्या वेळी हायब्रिड जशा मिळतात तशा, म्हणजे सीट खाली आणि हँडलखाली सगळे स्पेसर (हँडल उंच ठेवणाऱ्या कड्या), तर सगळा भार ढुंगणावर. याच ९२ किलोंची वाटणी तेव्हा पुढे ३४ आणि मागे ५८ अशी होती. मागचा टायर चौकोनी व्हायला लागला तो याच काळात.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी सीटची उंची. अनवाणी उभं राहून, मांडीच्या सांध्यापर्यंत पुस्तक दाबून, जमिनीपासून आतल्या पायाची लांबी मोजा. ८० सेमी आली तर गुणिले ०.८८३, म्हणजे ७०.६ सेमी. हे अंतर क्रँक (पॅडलचे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट-ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत. ही सुरुवात आहे. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हायला हवा आणि कंबर डुलायला नको. डुलत असेल तर ३-३ मिमीने खाली या. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर.

यात एक गोष्ट सुटते. सीट-ट्यूब ७३ अंशांत कललेली असल्याने सीट १ सेमी वर घेतली की सुमारे ३ मिमी मागेही जाते. सीट ३ सेमी वर नेली असेल तर रेल्सवर (सीटखालच्या दांड्यांवर) ९ मिमी पुढे घ्यायला हवी, नाहीतर हँडल लांब गेल्यासारखं वाटतं आणि माणूस विनाकारण नवा स्टेम (हँडल धरणारा तुकडा) शोधत बसतो. त्यानंतरच हँडलखालचा १० मिमीचा एक स्पेसर काढून स्टेमच्या वर ठेवा. स्टेम ज्या नळीवर बसतो ती कापू नका. हेडसेट (हँडल जिथे फिरतं तिथलं बेअरिंग) घट्ट करताना आधी वरचा टोपीचा बोल्ट, पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली की खुटखुट थांबेल इतकाच. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आळीपाळीने, साधारण ५ न्यूटन-मीटर. उलट क्रमाने केलं तर छर्रे ढिले राहतात आणि रेस (छर्रे फिरतात ती वाटी) खराब होते. एवढ्याने वाटणी ३९ आणि ५३ वर आली. हात दुखायला लागले तर स्पेसर परत खाली घाला. काट्यावरच्या आकड्यासाठी मान आणि मनगटं पणाला लावायची नाहीत.

फ्रेमच एक माप मोठी असेल तर मात्र यातलं काहीही पुरत नाही. ९० मिमीचा स्टेम ७० चा केला तर हँडल जवळ येतं, पण सायकल चंचल होते. आणि सीट पुढे ओढून ती उणीव भरून काढणं हा गुडघ्यांचा खर्च आहे. खरेदीच्या वेळी 'एस-एम-एल' ऐवजी स्टॅक (क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्याची उंची) आणि रीच (त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर) यांचे आकडे विचारा.

बाकी भागांचं थोडक्यात. चेन मोजायला पोलादी पट्टी पुरते. चेन ताणलेली ठेवून पिनच्या मध्यापासून मोजायचं. नव्या चेनचे १२ जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड) ३०४.८ मिमी भरतात. ९ स्पीडला ३०७ झाले की बदला. ३०८ पर्यंत नेलीत तर कॅसेटही (मागची दातेरी चक्रं) गेली समजा, नवी चेन तिच्यावर उड्या मारते. घाटाखालचा जांभ्याचा लाल चिखल चेन आणि ब्रेक पॅड दोन्ही खातो. रॉकेलने धुतलीत तर पूर्ण वाळू द्या, मगच प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, आणि बाहेरचं पुसून टाका. रेझिनचे पॅड पावसात फार लवकर जातात. लायनिंग अर्धा मिमी उरायच्या आत बदला. पावसाळ्यापुरते मेटलचे घालायचे असतील तर डिस्कवर 'फक्त रेझिन' लिहिलेलं नाही ना ते आधी पाहा.

टायरच्या उणिवा : जड आहेत, त्यामुळे चढावर आणि प्रत्येक सिग्नलनंतर वेग घ्यायला जोर लागतो. थर जाड असल्याने ५० पीएसआयलाही थोडे कडकच वाटतात. शेवाळलेल्या काँक्रीटवर, झेब्रा पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर पकड नाही, पण तिथे कुठल्याच टायरला नसते. नक्षी खोल असली म्हणून ओल्या डांबरावर फायदा होतो असं नाही. सायकलचा टायर अरुंद आणि हवेने कडक असतो, तो पाण्यावर तरंगत नाही. पकड देतं ते रबर आणि योग्य हवा.

वेगासाठी, गटात चालवण्यासाठी घेऊ नका. रोज कामावर जाण्यासाठी आणि सामान लादून लांब जाण्यासाठी डोळे झाकून घ्या. एका टायरला दोन-अडीच हजार जातात. घेण्याआधी फ्रेममध्ये जागा आहे का ते पाहा : चाक लावून, हवा भरून, ४ मिमीची अ‍ॅलन की पुढे टायर आणि चिमट्याच्या (फोर्कच्या) मध्ये, मागे चेन-स्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्यांच्या) दोन्ही बाजूंना, आणि मडगार्ड असेल तर त्याच्याखाली सरकवा. कुठेही अडली तर २८ मिमी रुंदीचा घ्या. जागा कमी असली तर स्पोक ढिले होऊन चाक वाकडं फिरायला लागलं किंवा चिखल चिकटला की तिथेच टायर घासायला लागतो.