अनंत की मोगरा: बोअरच्या पाण्यावर वर्षभर वापरून

एप्रिलअखेर अनंताच्या सगळ्या कळ्या गळून पडल्या तेव्हा मी रोपवाटिकेत फोन लावला. सोलापूर रस्त्याला लोणी काळभोरच्या पुढे ओळीने रोपवाटिका आहेत, त्यांतली एक. "साहेब, झाडाला कसली गॅरंटी? पाणी जास्त झालं असेल." फोटो पाठवला, तर म्हणे, "पाणी कमी पडलंय." एका झाडाची एकाच दुपारी दोन निदानं, तीही एकमेकांच्या उलट. रोप २८० रुपयांचं. शेजारच्या कुंडीतला बट मोगरा ७० रुपयांचा, आणि त्याच आठवड्यात तो रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या देत होता. त्या रागातच हे लिहायला घेतलं आणि वर ठळक अक्षरांत "अनंत घेऊ नका" असं टाकलं होतं. ते का काढलं, ते खाली येईलच.

मोगरा म्हणजे काय, अनंत कसा दिसतो, हे सांगत बसत नाही. परिस्थिती तेवढी सांगतो. पुण्यात उंड्रीकडची सोसायटी, पूर्वेची बाल्कनी, ऊन दुपारी एकपर्यंत. दोघांना बारा इंची कुंडी, माती-शेणखत-कोकोपीटचं एकच मिश्रण. वापराचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मोगऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि हीच त्याची तारीफ. त्याला जानेवारीत दुर्लक्ष लागतं. डाळिंबवाले बहार धरायला बागेला ताण देतात, तसंच याचंही. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग निम्म्यापर्यंत छाटायचं, उरलेली पानं ओरबाडायची, दोन मुठी शेणखत घालून पाणी सुरू करायचं. मार्चपासून कळ्या. प्रत्येक बहर संपला की शेंडे खुडायचे, कारण कळी नव्या फुटीवरच येते. जिथे ऊन कमी तिथे तो वेलासारखा लांबच लांब फांद्या सोडतो आणि फुलाचं नाव काढत नाही. तक्रार म्हणाल तर कळी पोखरणारी अळी आहे, कळ्या जांभळट पडून वाळतात. त्या रोज वेचून टाकल्या तर बाल्कनीपुरतं भागतं. पावसाळ्यात नुसता पाला. बस, एवढंच. वसई-पालघरचे शेतकरी याच झाडावर घर चालवतात आणि टोपल्या दादरच्या बाजारात पाठवतात, म्हणजे झाड कामाला पक्कं असणारच.

आता अनंत.

आणला तेव्हा पानं अशी चकाकत होती की कुणीतरी तेल लावून पुसली असावीत. दोनेक महिन्यांत शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्यागार, जाळी काढल्यासारख्या. एक्झोरा लावलेल्यांना हे पिवळेपण ओळखीचं असेल. दोघं एकाच कुळातले, कॉफीच्या. इमारतीच्या ग्रुपवर सल्ले सुरू झाले. एक म्हणे एप्सम सॉल्ट, दुसरी म्हणे अंड्याची टरफलं, तिसऱ्या काकांनी चुलीची राख सुचवली. गावाहून आणून देतो म्हणाले. हे तिन्ही सल्ले या झाडापुरते चुकीचे आहेत. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात. शेंड्याची नवी पानं पिवळी म्हणजे लोह मिळत नाही. टरफलं आणि राख तर माती आणखी अल्कधर्मी करतात, आणि मूळ दुखणं नेमकं तेच आहे.

दुखणं असं की अनंताला आम्ल माती लागते, पीएच साधारण ५ ते ६ (आकडा सातच्या खाली तर आम्ल, वर तर अल्कधर्मी). आमच्याकडे बेसॉल्टमधून उपसलेलं बोअरचं पाणी. नळाच्या तोंडावर पांढरं कवच, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी बदला, साबणाला फेस नाही. या पाण्यातले बायकार्बोनेट नावाचे क्षार कुंडीत साचत जातात, पीएच चढतो, आणि मातीत लोह असूनही ते विरघळत नाही. मुळांच्या हाताला लागणार कसं? मोगऱ्याला याच पाण्यावर काही झालं नाही. फार तर मेमध्ये दोन-चार पानं फिकट झाली.

त्यात आरओचं टाकाऊ पाणी. ग्रुपवर त्याचं कौतुक फार, "एक थेंब वाया जात नाही" वगैरे. बोअरचं पाणी आरओतून गेलं की शुद्ध पाणी एकीकडे आणि क्षार सगळे दुसऱ्या नळीत. ती दुसरी नळी म्हणजे आधीच जड असलेल्या पाण्याचा अर्क. फरशी पुसायला, संडासात ओतायला उत्तम. अनंताला विष.

मी मूळचा हिशेबी माणूस, त्यामुळे उपाय स्वस्तातून महागाकडे केले. आधी हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, कारण वाण्याकडे किरकोळीत मिळतो. अशा मातीत तो टाकल्या टाकल्या गंजून बसतो, झाडाला मिळेपर्यंत संपलेला. पुढे चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून विरघळलेलं ठेवलेलं लोह. कृषी सेवा केंद्रात धरणाऱ्या रसायनाच्या नावाने दोन प्रकार मिळतात, आणि दुकानदार विचारल्याशिवाय फरक सांगत नाही. ईडीटीएवालं स्वस्त, पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते. ईडीडीएचएवालं महाग, पण चढ्या पीएचलाही टिकतं. द्राक्ष-डाळिंबवाले तेच नेतात. पाकीट एवढं मोठं की माझ्या एका कुंडीला नातवंडांपर्यंत पुरेल. पाण्यात टाकलं की लालभडक होतं, आणि बाल्कनीच्या फरशीवर त्याचे डाग पडले आहेत ते आजतागायत आहेत. घरात या विषयावर काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. पण काम करतं. पुढची फूट हिरवी आली. फक्त पाणी तेच राहिलं की परिणाम ओसरतो, पुन्हा टाका.

एसीचं पाणीही साठवून पाहिलं. क्षार नसलेलं, फुकटचं. पण पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये एसी थेंब थेंब गाळतो, बादलीचा तळही झाकत नाही. हवा दमट झाली की धो धो गाळतो, आणि तेव्हा एसी लावायची गरज नसते. अनंतासाठी एसी चालवण्याइतका मी अजून बिघडलेलो नाही.

इथपर्यंतचं मेमध्ये लिहिलेलं आहे. पुढचं पावसानंतरचं.

जूनमध्ये कुंडी कठड्याच्या बाहेरच्या लोखंडी स्टँडवर ठेवली, सरळ पावसात. खत नाही, लोह नाही, काही नाही. दोन-तीन दणकून सरी आल्या, कुंडीतला क्षार धुऊन गेला, आणि जुलैत झाड ओळखू येईना. पानं आणली तेव्हापेक्षाही काळपट हिरवी. कळ्या आल्या आणि टिकल्या. पहिलं फूल उमललं त्या रात्री बेडरूमपर्यंत वास. मोगऱ्याचं फूल सकाळी उतरलेलं असतं. अनंताचं फूल आधी पांढरं, मग सायीच्या रंगाचं, मग पिवळट, आणि तोवर वास सोडत नाही. गजरा याचा होत नाही. एकच फूल वाटीत पाणी घालून ठेवायचं.

तेव्हा रोपवाटिकेवरचा राग अर्धा उतरला. अर्धाच, कारण रोप लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यासकट आलं होतं. ही रोपं बरीचशी आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात, ती त्या गोळ्यात. गोळा एकदा सुकला की पाणी कडेने निघून जातं, आत मुळं कोरडी. म्हणजे "जास्त झालं" आणि "कमी पडलं" हे दोन्ही एकाच कुंडीत खरं असू शकतं. हे रोपवाटिकावाल्याने विकताना सांगायला हवं होतं, किंवा निदान फोनवर. मी कुंडी बदलताना गोळा बादलीत भिजवून अर्धा सोडवला.

बायकोच्या मावशीकडे कुडाळला विहिरीशी अनंत आहे, माणसापेक्षा उंच. त्याला आजवर कुणी काही घातलेलं नाही. जांभ्याची आम्ल माती, विहिरीचं मऊ पाणी, वर कोकणातला पाऊस. माझी चुलतबहीण कोथरूडला राहते, तिच्या कुंडीतला अनंतही हिरवा, कारण नळाला खडकवासल्याचं पाणी. ती त्याची कसलीच काळजी घेत नाही, आणि हे मला थोडं लागतं.

आता पावसाचं पाणी पिंपात साठवतो, वर डासांची जाळी घट्ट बांधून. दिवाळीपलीकडे पुरतं. त्यानंतर बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्वाची चिमूट, पीएचची पट्टी बुडवून सहाच्या आसपास आलं की ओतायचं. टीडीएस मीटर विकत घेऊ नका. त्यात एकूण क्षार कळतात, पीएच किती ते कळत नाही. शेजाऱ्यांकडचा आणून पाहिला, आकडा बघून नुसतं मन खट्टू झालं. कळ्या धरल्या की कुंडी हलवायची नाही, फिरवायचीही नाही. दुपारचं ऊन नको. पिठ्या ढेकूण दिसला तर लगेच कापसाने पुसायचा, नाहीतर मागोमाग मुंग्या आणि पानांवर काजळी.

मोगऱ्याचा खर्च वर्षाचा जेमतेम शंभर. अनंताचा लोह, लिंबूसत्त्व, पट्ट्या, पिंप धरून मूळ किमतीच्या दुपटीच्या वर गेला, फरशी सोडून. नळाचं पाणी मऊ असेल तर दोन्ही लावा, पैशांचा प्रश्नच नाही. पाणी बोअरचं असेल आणि पिंप ठेवायला जागा नसेल तर मोगराच, तोही एकाच्या जागी दोन. फांदी मातीत दाबून ठेवली की दुसरं रोप फुकट तयार होतं.

आणि अनंत घ्यायचाच असेल तर जुलैत रोपवाटिकेत जाऊन निवडू नका, तेव्हा तिथला प्रत्येक अनंत हिरवा दिसतो. मेअखेर एक चक्कर मारा, उन्हाळाभर तिथल्या पाण्यावर कोणतं रोप हिरवं राहिलंय ते बघून त्याला दोरा बांधून ठेवा, आणि पाऊस सुरू झाला की उचला.