४३ इंची टीव्ही की २७ इंची मॉनिटर? टेबलावरच्या कामासाठी एक तुलना

घरून काम करणाऱ्याला मोठा पडदा घ्यावासा वाटू लागला की दुकानात त्याची हमखास द्विधा होते. २७ इंची क्यूएचडी (२५६० × १४४० पिक्सेलांचा) मॉनिटर आणि ४३ इंची ४के (३८४० × २१६० पिक्सेलांचा) टीव्ही यांच्या किमतींत बरेचदा फारसे अंतर नसते, टीव्हीचा पडदा मात्र क्षेत्रफळाने अडीच पट मोठा असतो आणि स्पीकर व रिमोट त्यासोबतच येतात. दोघांनाही एचडीएमआय केबल चालते, तेव्हा मॉनिटर घ्यावाच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते त्याचा निकाल अक्षरांवर लागतो. दुकानदार मात्र दोन्ही पडद्यांवर धबधबे आणि पोपट दाखवतो.

आधी पिक्सेलांच्या, म्हणजे चित्र घडवणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या, दाटीचे पाहू. २७ इंची क्यूएचडी मॉनिटरमध्ये दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल असतात, ४३ इंची ४के टीव्हीत सुमारे १०२, आणि कार्यालयांतून सर्रास दिसणाऱ्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये सुमारे ९२; म्हणजे निव्वळ दाटीच्या बाबतीत हा टीव्ही मागे नाही. ५५ इंची ४के टीव्हीत हाच आकडा ८० वर येतो. घरात आधीपासून असलेला ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही जोडावा, असा विचार अनेकांच्या मनात येतो. त्यात १३६६ × ७६८ एवढेच पिक्सेल असल्याने दाटी जेमतेम ४९ भरते, आणि हातभर अंतरावरून त्यावर दिवसभर वाचणे ही डोळ्यांना शिक्षाच आहे. तो बेत सोडून द्यावा.

दाटी सारखी असूनही टीव्हीवरील अक्षरे पुष्कळदा फिसकटलेली दिसतात, आणि त्याचे कारण टीव्ही मुळात हलत्या चित्रांसाठी घडवलेला असतो हे आहे. आपल्या डोळ्याला उजेड-अंधाराचे बारकावे नीट कळतात, पण रंगांचे तितकेसे कळत नाहीत. त्यामुळे चित्रपट आणि प्रक्षेपण यांत रंगांची माहिती दर चार पिक्सेलांत मिळून एकदाच साठवली जाते, ज्याला ४:२:० म्हणतात. संगणक मात्र प्रत्येक पिक्सेलला स्वतंत्र रंग पाठवू शकतो, म्हणजे ४:४:४. टीव्हीने आतल्या आत ही माहिती छाटली, तर निळ्या पार्श्वभूमीवरील लाल अक्षरांच्या कडा विरघळतात, आणि विंडोजमध्ये अक्षरे गुळगुळीत दिसावीत म्हणून त्यांच्या कडांना दिलेल्या सूक्ष्म रंगछटाही पुसट होत असल्याने पांढऱ्यावरील काळा मजकूरसुद्धा किंचित मळकट वाटतो. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाते. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांतला फरक लहान आकारात एकदोन पिक्सेलांवर येऊन ठेपतो, शिवाय अनुस्वार आणि रफार हे शिरोरेघेच्या वर अगदी थोड्या जागेत बसवलेले असतात; मुद्रितशोधन करणाऱ्याने हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी तपासावा.

यावर उपाय आहेत, पण ते शोधावे लागतात. सॅमसंग आणि एलजी यांच्या अनेक टीव्हींत एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की ४:४:४ सुरू होते. ‘शार्पनेस’ कमी करावा लागतो, कारण तो अक्षरांभोवती खोटी पांढरी किनार उमटवतो. चित्राच्या कडा कापणारे ओव्हरस्कॅन, म्हणजे काचेच्या जुन्या नळीच्या काळातला वारसा, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा पर्यायाने बंद करावे लागते, नाहीतर टास्कबार अर्धवट दिसतो. मॉनिटर मात्र बहुधा खोक्यातून काढून जोडला की काम सुरू होते.

संगणकाची बाजूही तपासायला हवी. पूर्ण रंगांसह ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर एचडीएमआयची २.० ही आवृत्ती, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी जोडणी हवी. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत १.४ असते, त्यावर ४के चित्र ३० वेळाच जाते आणि माऊसचा बाण अडखळत चालतो. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत असेल, तर योग्य अ‍ॅडॉप्टरने ही अडचण सुटते. क्यूएचडी मॉनिटर १.४ वरही ६० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांनी, चालतो.

चित्रावरची प्रक्रिया कमी करणारा ‘गेम मोड’ लावला नाही, तर अनेक टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात इतका वेळ घेतात की टंकलेले अक्षर उमटायला लागणारा विलंब बोटांना जाणवतो. संगणक झोपला की मॉनिटरही झोपतो. टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवत जागा राहतो आणि सकाळी रिमोट शोधावा लागतो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण महिनाभरात त्याचा वैताग येतो.

मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो मानेला. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो. पायांवर उभा केल्यावर त्याची वरची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरीच वर जाते, आणि टीव्हीला उंची कमी-जास्त करण्याची सोय नसते. असा पडदा टेबलावर ठेवून मी काही महिने काम केले, तेव्हा प्रत्यक्षात खालचा दोन-तृतीयांश भागच वापरात आला. ६० सेंटिमीटर खोल टेबल त्याला अपुरे पडते. निदान ८० सेंटिमीटर अंतर हवे, किंवा तो टेबलामागच्या भिंतीवर पुरेसा खाली टांगायला हवा.

किमतीत कराचा प्रश्न आता उरलेला नाही. पूर्वी ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्याहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्के आहे. विजेचे म्हणाल तर टीव्ही ५० वॅट जास्त घेतो असे धरले, तरी रोज आठ तास आणि महिन्याला २५ दिवस वापरून दहा युनिटांचा फरक पडतो.

म्हणून लेखन, संपादन, हिशेब आणि कोड यांसाठी मी मॉनिटरच सुचवीन. लांबच लांब एक्सेलचे तक्ते किंवा शेजारीशेजारी चार खिडक्या उघड्या ठेवणाऱ्याला, ज्याचे टेबल खोल आहे आणि ज्याला रात्री त्याच पडद्यावर सामनाही पाहायचा आहे, त्याला ४के टीव्ही लाभेल. त्याने स्वतःचा लॅपटॉप आणि केबल घेऊन दुकानात जावे, १० पॉइंटात निळ्यावर लाल रंगाने ‘घर, धर, भर, मर’ असे लिहावे आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर बसून ते वाचून पाहावे.